वर निखारे, खाली निखारे

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय खाण्याचा आहे. नुसती पाककृती हवी असेल त्यांनी थेट खाली उडी मारावी, मला राग येणार नाही. बाकीच्यांनी थोडं सोबत चला. एका पदार्थाला आपण उगाचच 'ओव्हनवाल्यांचा' समजून लांब ठेवलंय, त्याबद्दल मला बोलायचंय.

पदार्थाचं नाव फ्रूट कॉब्लर. अमेरिकन आहे. तळाशी साखरेत शिजलेली फळं, वर मऊ पिठाचे गोळे लावायचे आणि सगळं एकत्र भाजायचं. फळांचा रस खालून उकळत वर येतो, गोळे वरून खरपूस होतात आणि खालून रस पिऊन ओलसर राहतात. बस, एवढंच. इंग्रजीत कॉब्लर म्हणजे मोची. वरचे गोळे ठिगळं लावल्यासारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं, असं काहीजण सांगतात. फरसबंदीच्या दगडांसारखे दिसतात म्हणून, असं दुसरे सांगतात. दोन्हींचा पक्का पुरावा नाही. मला मोची आवडतो, म्हणून मी पहिल्या पक्षात.

आता त्या वरच्या गोळ्यांना अमेरिकन लोक 'बिस्किट' म्हणतात, आणि इथेच आपली पंचाईत होते. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर हा नेमस्पेसचा घोटाळा आहे. नाव एक, वस्तू दोन. आपलं बिस्किट इंग्लंडहून आलेलं: कोरडं, कडक, चहात बुडवायचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'दोनदा भाजलेलं'. अमेरिकन बिस्किट मात्र एकदाच भाजलेलं, मऊ, फुगलेलं, पावाच्या चुलत भावासारखं. त्यात यीस्ट नसतं. मैदा, लोणी, ताक आणि खाण्याचा सोडा. ताकातल्या आंबटपणाची सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. ताक आणि सोडा! म्हणजे आपल्या ढोकळ्याचंच तर्कशास्त्र, फक्त वाफेऐवजी कोरडी धग.

हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या मित्रांशी या विषयावर बोललं की उत्तर ठरलेलं: "अरे, करू की, आधी ओव्हन घेऊ दे." माझं म्हणणं असं की कॉब्लर मुळात ओव्हन नसलेल्या लोकांचा पदार्थ आहे.

पुरावा बघा. कॉब्लरची छापील कृती १८३९ सालच्या 'द केंटकी हाउसवाइफ' या लेटिस ब्रायन यांच्या पुस्तकात सापडते. पीचचा कॉब्लर. बाई तिथेच सांगून टाकतात की पाहुण्यांसमोर मिरवण्यासारखा हा पदार्थ नव्हे, पण घरच्यांसाठी उत्तम. म्हणजे जन्मापासूनच त्याची प्रतिष्ठा बेताची. पुढच्या दशकात अमेरिकेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे बैलगाड्यांचे तांडे निघाले. (हो, बैलगाड्याच. सिनेमात घोडे दाखवतात, पण त्या छत घातलेल्या गाड्यांना बहुतेक वेळा बैल जुंपलेले असत.) ऑरेगॉनची वाट तीन हजार किलोमीटरहून लांब, चार ते सहा महिन्यांची. १८६९ मध्ये रेल्वे आरपार पोचेपर्यंत काही लाख माणसं अशी गेली. सोबत पीठ, साखर, खारवलेलं डुकराचं मांस, वाळवलेली फळं आणि एक ओतीव लोखंडाचं जड भांडं. त्याला खाली तीन पाय, आणि झाकणाला वर उचललेली कड, ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून. त्याचं नाव डच ओव्हन. नावात ओव्हन आहे, पण आहे ते पातेलंच. खाली थोडे निखारे, झाकणावर दुप्पट. ब्रेड, बिस्किटं, फळांचे पदार्थ, सगळं त्यातच. कॉब्लरला पायसारखी तळाची पारी लागत नाही, लाटणं-पोळपाटही लागत नाही, म्हणून तो या भांड्यात फिट बसला. आजही तिकडे कॅम्पिंगला गेलं की डच ओव्हनमधला कॉब्लर हा जवळजवळ कुळाचार आहे.

पुढच्या दोन गोष्टी वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. पहिली: मैदानी प्रदेशात झाडंच नाहीत, मग जळण काय? तर रानगव्यांचं वाळलेलं शेण. बायका-पोरं चालता चालता ते गोळा करत. म्हणजे गोवऱ्याच की! दुसरी: सोडा संपला तर? वायोमिंगमध्ये इंडिपेंडन्स रॉक नावाच्या खडकाजवळ एक उथळ तळं होतं, त्याच्या काठी क्षाराचा पांढरा थर साचे. लोक तो खरवडून पोत्यात भरत आणि त्यावर ब्रेड फुगवत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातून पूर्वी असाच क्षार काढायचे. त्याच्या एका प्रकाराचं नाव पापडी. पापडखार वापरणाऱ्याला वायोमिंग काही परकं वाटायला नको.

आता आपल्याकडे येऊ. 'बेक करणे' याला मराठीत वेगळं क्रियापद नाही. भाजणे. शेंगदाणे भाजायचे, भाकरी भाजायची, नानकटाईही भाजायची. त्यामुळे आपल्याला वाटतं की बेकिंग आपल्याकडे नव्हतंच. पण रोडगे बघा. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचे. मराठवाड्यात आणि विदर्भात देवाला रोडग्याचा नैवेद्य असतो, आणि एकनाथांच्या भारुडातही रोडगा आहे, म्हणजे गोष्ट किमान सोळाव्या शतकाइतकी जुनी. कोकणात काकडीचं धोंडस करतात, ते पातेल्यात घालून झाकणावर निखारे ठेवून भाजायची रीत होती. भानोळंही तसंच, वरखाली धग देऊन. हे बेकिंग नाही तर काय आहे? भाकरीचंही घ्या ना. एक बाजू तव्यावर, मग तवा उतरवून दुसरी बाजू थेट आराला लावायची, की टम्म फुगते. वरून-खालून धग देण्याचं ज्ञान आपल्याकडे भरपूर होतं. नव्हती ती बंद पेटी.

आणि एक अडचण होती, ती चुलीची नव्हे, डोक्याची. बिस्किट भट्टीत व्हायचं, आणि भट्टी दुसऱ्याची. कुणाच्या हातचं पाणी, कुणाच्या हातचं पीठ! १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी (तेच, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) शहरातल्या नामवंतांना व्याख्यानाला नेलं. नंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली! यादीत टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारकांनीच त्यांच्यावर टीका केली. एका बिस्किटापायी. इतिहासाच्या तासाला हा किस्सा विनोद म्हणून सांगतात, पण ज्यांच्या मुलींची लग्नं अडायची वेळ आली असेल त्यांना तो विनोद वाटला नसणार.

गंमत अशी की गोपाळरावांनी त्या दिवशी अमेरिकन बिस्किट ठेवलं असतं, तर ते घरच्या कणकेत, घरच्या ताकात, घरच्या चुलीवर करता आलं असतं. भट्टीवाल्याचा संबंधच नाही. पण गोपाळरावांना वाद टाळायचा होता कुठे? :-)

आता सणसर. आमचं गाव. पुणे जिल्हा, तालुका इंदापूर, बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागतं. बाजूलाच भवानीनगर, तिथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. कॉब्लरसाठी लागणारा एकूण एक जिन्नस आज या शिवारात मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी यातलं फारसं काही मिळालं नसतं. हा कोरडा मुलूख, ज्वारी-बाजरीचा, आणि तीही पावसाच्या मर्जीवर. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर सरकारनं नीरेच्या पाण्याचं काम मनावर घेतलं. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, वर भोरजवळ भाटघरचं धरण झालं, आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी आताचं मोठं धरण आलं. पाणी आलं, पण शेतकरी ते घ्यायला कचरत होते. पाणीपट्टी रोख, आणि पाऊस बरा झाला तर ती वायाच. विसाव्या शतकाच्या तोंडावर विश्वेश्वरय्या या भागाच्या पाटबंधाऱ्याचं काम बघत होते. त्यांनी नीरा कालव्यासाठी 'ब्लॉक पद्धत' आखली. गावातलं पाणी घेणारं रान एकत्र गटात बांधायचं आणि त्यातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस लावायचा, बाकी हंगामी पिकं. ऊस पाणी पितो हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

मग सासवडचे माळी शेतकरी कालव्याच्या कडेनं ऊस करत गेले, बारामतीचा गूळ नावारूपाला आला. १९३२ मध्ये साखरधंद्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि त्याच दशकात इथून जवळ वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. आता तर खडकवासल्याचं पाणी नीरा डाव्या कालव्यात आणायची जी वाट आहे तिचं नाव 'सणसर कट'. गावाचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा या कटाच्या भांडणापायी, नाहीतर पालखीमुळे.

फळांमध्ये आज इंदापुरात डाळिंब, द्राक्ष, पेरू. कॉब्लरला मी पेरू निवडला. डाळिंब भाजून उपयोग नाही, द्राक्ष फार पाणी सोडतं. शिवाय पेरू हा मूळचा अमेरिका खंडाचा. पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि त्यांच्या 'पेरा', म्हणजे नाशपती, या शब्दावरून आपलं नाव घेऊन बसला. उलट ज्या पीचला अमेरिकन लोक आपलं मानतात ते मूळ चीनचं, इराणवरून युरोपात आणि तिथून स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत. हिशोब बरोबर झाला.

पण सणसरात कॉब्लर का, याचं माझं खरं कारण फळ नाही, साखरही नाही. हे गाव चालत्या लोकांचं मुक्कामाचं गाव आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि मुक्काम सणसरला. एका रात्रीत गावाभोवती शेकडो चुली पेटतात आणि सकाळी राख मागे ठेवून बेलवाडीच्या वाटेला लागतात. आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दुसरा तांडा येतो, ऊसतोड मजुरांचा. बीड, नगर (आता अहिल्यानगर), जालना या बाजूचे लोक. वारी एका रात्रीची, हे पाच-सहा महिन्यांचे. पूर्वी बैलगाडीनं यायचे, आता बहुतेक ट्रक-ट्रॅक्टरनं, पण टोळीत बैलगाड्या अजून दिसतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि राहायला उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. कोपीपुढे तीन दगडांची चूल. बाई पहाटेच्या अंधारात उठून दिवसभराच्या भाकरी थापते, मग फडात जाऊन नवऱ्याच्या बरोबरीनं मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते.

ऑरेगॉनच्या वाटेवरच्या बायकांचं आणि हिचं काम मला वेगळं दिसत नाही. बैल, गाडी, उघड्यावरची चूल, मिळेल ते जळण, कडेवर पोर. फरक आहे, आणि तो मोठा आहे. त्यातल्या अनेकजणी जमीन मिळवायला चालल्या होत्या (ती जमीन आधी दुसऱ्यांची होती, हा वेगळा आणि काळा अध्याय). ही उचल फेडायला येते आणि परत जाते. दुसरा फरक असा की त्यातल्या पुष्कळ जणींना लिहिता येत होतं. त्यांच्या रोजनिश्या आणि पत्रं गोळा होऊन 'कव्हर्ड वॅगन विमेन' नावानं अकरा खंड निघाले. कुठे चूल पेटली, पावसात ब्रेड कसा केला, हे सगळं नोंदलं गेलं. म्हणून तो झाला इतिहास, आणि कॉब्लर झाला 'पायोनियर क्लासिक'. आपल्या फडावरच्या चुलीचा एक खंडसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. कोपीपुढच्या राखेत भाजलेल्या रताळ्याला कुणी नाव दिलेलं नाही.

असो. कृती.

पिकलेले पण घट्ट पेरू एक किलो. मधला बियांचा गर काढून थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून घासून घ्या; बिया टाका, गर ठेवा. बाकीच्या पेरूच्या फोडी करून त्या गरात घाला. वर शंभर ग्रॅम साखर (किंवा निम्मा गूळ), अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, दालचिनी असली तर. फोडी मऊ होईपर्यंत शिजवा. वरचं पीठ: दोनशे ग्रॅम मैदा, चमचाभर साखर, पाव चमच्याला थोडा जास्त खाण्याचा सोडा, मीठ. त्यात ऐंशी ग्रॅम घट्ट थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं रवाळ होईपर्यंत. मग साधारण दीडशे मिली आंबट ताक घालून चमच्यानं जेमतेम गोळा करा. मळू नका. मळलं की ग्लुटेन ताणतं आणि बिस्किटाची पोळी होते. सोडा ताकाला भेटल्यावर घड्याळ सुरू होतं, तेव्हा रेंगाळूही नका. फळं उकळत असतानाच त्यावर चमच्यानं गोळे टाका, मध्ये फटी ठेवून. फळं थंड असतील तर गोळे खालून कच्चे राहतात. ज्यांच्याकडे ओटीजी आहे त्यांनी दोनशे अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, वरचा रंग बदामी होईपर्यंत.

सणसरला मी हे अंगणातल्या चुलीवर केलं, जाड बुडाच्या पातेल्यात. झाकण म्हणून वर लोखंडी तवा उपडा न घालता सरळ ठेवला, म्हणजे निखारे त्याच्या खोलगट भागात बसतात. काकी बाजूला बसून सगळं बघत होत्या.

"काय करतूयस रं एवढं?"

"कॉब्लर, काकी."

"म्हंजी?"

"पेरूची भाजी, अन् वर ताकातल्या दशम्या."

"मग असं म्हण की. खालचा इस्तू काढ आधी, बुडाला लागंल. वर घाल सगळा."

डच ओव्हनचा दुप्पट-निखाऱ्यांचा नियम मी पुस्तकात वाचून गेलो होतो. काकींनी तो कुठे वाचला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, दिवाळीत नानकटाई अशीच करायचो, पातेल्यात वाळू घालून, वर विस्तव ठेवून. पुढे बारामतीला बेकरीत डबा नेऊन द्यायला लागलो, मग कुकर आला, त्याची रिंग आणि शिट्टी काढून केक. आणि त्याआधी? त्याआधी त्यांची आई रोडगे करायची.

अर्ध्या तासानं तवा उचलला. वास आधी साखरेचा आला, मग पेरूचा. गोळे वरून तपकिरी, कडेनं गुलाबी रस उकळून वर आलेला. हा पदार्थ गरमच खायचा. अमेरिकेत वर आइस्क्रीम घालतात. आम्ही म्हशीच्या दुधाची थंड साय घातली, आणि ती जास्त चांगली लागते.